हातभर बर्फाची रजई

खुशालरावांना बर्फाबद्दल जेवढं माहीत होतं, तेवढं वऱ्हाडात क्वचितच कुणाला असेल. पण ही गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

अमरावतीच्या एका सार्वजनिक वाचनालयात त्यांची चौतीस वर्षं गेली. संदर्भ विभागाची मागची खोली त्यांच्याकडे होती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी तिकडे चिटपाखरू फिरकत नसे, आणि पंखा खोलीतली गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत बसे. अशा वेळी खुशालराव भूगोलाचे जाड ग्रंथ काढत आणि जगात कुठे वर्षाला किती बर्फ पडतो, ते एका दोनशे पानी वहीत उतरवून घेत. जपानातलं साप्पोरो, जवळपास पाच मीटर. त्याच्याही वर आओमोरी, साडेसहा मीटरच्या पुढे. कॅनडाच्या टोकाचं सेंट जॉन्स, तीन मीटरहून थोडं जास्त. सिमला, एखाद्या वर्षी मीटरभर, एखाद्या वर्षी त्याच्या निम्माही नाही. लिहिता लिहिता त्यांना खरंच गार वाटायचं. आकडे सगळे पेन्सिलीनं लिहिलेले, कारण आपलं कुठेतरी चुकलं असणार याची त्यांना पक्की खात्री. स्वतः त्यांनी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात टाकतात तो.

दसऱ्याच्या आधी कौशल्येचा फोन आला. कौशल्या म्हणजे ती धाकटी बहीण, बाळापूरजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिचा मुलगा चंद्रभान तिथेच काळ्या रानात कापूस आणि हरभरा करी. चंद्रभानची मुलगी रागिणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकून बाहेर पडली होती, आणि तिला लेहच्या एका संशोधन केंद्रात दोन वर्षांची नेमणूक मिळाली होती. कडक हिवाळ्यात प्लास्टिकच्या घरात भाजीपाला कसा पिकवायचा, याचं काम. एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं. पोरगी आनंदानं नाचत होती, आणि बाप नाही म्हणत होता.

चंद्रभानच्या नाहीचं कारण विचित्र होतं, पण ज्यानं वऱ्हाडात शेती केली त्याला ते कळेल. आभाळातून पडणारा बर्फ चंद्रभाननं आयुष्यात एकाच रूपात पाहिला होता, तो म्हणजे गारा. काही वर्षांपूर्वी फाल्गुनात पाव तास गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारांचा वीतभर थर साचला. उभा गहू आडवा झाला, गोठ्याचे टिन फुटले, बैलांच्या पाठीवर टेंगळं आली आणि खुद्द चंद्रभान गाडीखाली शिरला म्हणून वाचला. आता रागिणी जिथे जाणार तिथे बर्फ पडतो म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काय येत असेल! वीतभर गारांनी एवढं केलं, तर पुरुषभर पडला की काय होईल, हा त्याचा हिशेब. बर्फ हळूहळू तरंगत खाली येतो, असं रागिणीनं मोबाईलवर दाखवून पाहिलं. पण मोबाईलनं मृगात दोनदा पाऊस सांगितला होता आणि दोन्ही वेळा आभाळ कोरडं राहिलं होतं. तेव्हापासून मोबाईलचा शब्द चंद्रभानच्या घरात चालत नसे.

"भाऊ, तुहा भाचा म्हणते, मामानं पुस्तकात पाहून सांगितलं तरच ऐकीन," कौशल्या फोनवर म्हणाली. "कमरेच्या वर बर्फ पडत असन त पोरगी जाणार नाई, म्हणते. आता तूच पाह्य."

खुशालरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आजवर त्यांना कुणी काही विचारलं, की ते पुस्तक काढून पान उघडून समोर ठेवत आणि बाजूला होत. स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. आणि ज्या पानावर लेह असायला हवं होतं, तिथे वहीत लेह नव्हतंच. एवढ्या वर्षांत ते सुटलं होतं.

निवृत्त झाले होते तरी दहा दिवस ते आपल्या जुन्या वाचनालयात जाऊन बसले. आता तिथे बसणारा तरुण ग्रंथपाल त्यांना चहा आणून द्यायचा आणि हे पुस्तक हवंय का, ते हवंय का विचारायचा. खुशालराव संकोचानं मान हलवायचे. एका ग्रंथात पाण्याच्या हिशेबात आकडा होता, म्हणजे बर्फ वितळवून मोजलेला. ताजा भुसभुशीत बर्फ साधारण दहापट जागा घेतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी गुणलं, पुन्हा गुणलं, दुसऱ्या ग्रंथाशी ताडलं, तिसऱ्याशी ताडलं. उत्तर इतकं लहान येत होतं की त्यांना वाटलं, आपलं दशांश चिन्हच घसरलं. पण तिन्ही ग्रंथ तेच म्हणत होते. डोंगरांनी ढग अडवलेले, म्हणून लेहला पाऊस जसा नावालाच तसा बर्फही नावालाच. अख्ख्या हिवाळ्याचा एकावर एक रचला तरी हातभराच्या वर जायचा नाही, आणि एका वेळी बघायला गेलं तर बहुधा चार बोटं.

दिवाळी आटोपली आणि चंद्रभानच्या शेतात कापसाचा पहिला वेचा ठरला. पहिल्या वेच्याला वऱ्हाडात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, थोडा शेतात शिंपडायचा, मग ओटीत पहिलं बोंड घ्यायचं. कौशल्येनं भावाला त्याच दिवशी बोलावलं. सगळी माणसं एकत्र असताना चंद्रभानला शब्द फिरवता येणार नाही, हा तिचा डाव होता. ती बोलली नाही, पण खुशालरावांना कळला.

पूजा झाली, वेचणाऱ्या बाया बांधावर जेवायला बसल्या, आणि चंद्रभाननं धोतराला हात पुसत म्हटलं, "सांगा मामा."

खुशालराव वही घेऊन उभे राहिले. एवढ्या लोकांपुढे ते शाळा सुटल्यापासून उभे राहिले नव्हते. सरळ लेह सांगायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी वरून सुरुवात केली. आओमोरी वाचलं. साडेसहा मीटर म्हणजे किती, असं एका बाईनं विचारलं. चंद्रभाननं समोरच्या पऱ्हाटीकडे पाहून हिशेब केला आणि एकावर एक पाच पऱ्हाट्या, असं सांगितलं. बायांनी घास हातात धरून आभाळाकडे पाहिलं. मग साप्पोरो झालं, सेंट जॉन्स झालं. प्रत्येक नावाला चंद्रभानचा चेहरा काळवंडत गेला, आणि रागिणी नखानं बांधाची माती उकरत राहिली.

"अन् त्या गावात लोक राहतेत?" चंद्रभानची बायको गीतांजली म्हणाली. तिची जीभ साऱ्या शिवारात प्रसिद्ध होती. "मंग आमचा अकोला काय वाईट हाये? निदान उन्हाले झाडून त फेकाव लागत नाई."

हशा पिकला. त्या हशाच्या आडोशानं खुशालरावांनी लेहचा आकडा सांगून टाकला. कुणाला ऐकू गेला नाही. पुन्हा सांगावा लागला.

"हातभर?" चंद्रभाननं स्वतःचा हात पुढे केला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत निरखला. "वर्षाचा सगळा मिळून?"

"सगळा मिळून. एका वेळी चार बोटं."

चंद्रभाननं हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग तो हसायला लागला. एवढ्याशा बर्फासाठी आपण महिनाभर घर डोक्यावर घेतलं, याचं त्याला हसू येत होतं. दुपार संपायच्या आत पोरगी लेहला जाणार हे पक्कं झालं. रागिणीनं खुशालरावांच्या पायाला हात लावला आणि लगेच उठून आजीच्या गळ्यात पडली. खुशालरावांच्या ताटात त्या दिवशी कुणी किती शिरा वाढला, याचा त्यांना पत्ता लागला नाही.

खरी चूक झाली ती दुसऱ्या दिवशी.

लांब जाणाऱ्या लेकीला घरच्या कापसाची रजई द्यायची, ही कौशल्येच्या घरची रीत. सरकी काढलेली रुई मागच्या हंगामातली शिल्लक होती. ती घेऊन सगळे बाळापुरात इनायतुल्लांच्या दुकानात गेले. इनायतुल्ला पिंजाऱ्याचं काम करत. त्यांच्या आजोबांची पिंजण आता भिंतीवर टांगलेली आणि खाली मशीन घरघरत असलेलं. टाके घालायचं काम त्यांची बायको बिल्कीस करी, आणि तिच्या टाक्याची रजई दहा वर्षं गोळा होत नसे, असा लौकिक होता. चंद्रभानच्या घरातल्या सगळ्या गाद्या याच दुकानातल्या.

इनायतुल्लांनी रुई हातात चोळून पाहिली आणि किती भरू म्हणून विचारलं. आपल्याकडच्या थंडीला दीड किलो पुष्कळ होतो. तिकडे थंडी किती, ते सांगा. चंद्रभाननं मामाकडे पाहिलं. कौशल्येनं भावाकडे पाहिलं. आदल्या दिवशीच्या कौतुकाची ऊब अजून अंगात होती. त्या भरात खुशालरावांनी न अडखळता उत्तर देऊन टाकलं. लेहला बर्फ सिमल्याहून कमी, म्हणजे थंडीही सिमल्याहून कमीच असणार. दोन किलो रुई बस झाली. आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक न उघडता बोलले होते.

रागिणी मागे उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटलं. खुशालरावांना वाटलं, जांभई आली असेल.

अमरावतीला परतल्यावर दोन दिवसांनी ते वहीत लेहचा आकडा नीट जागी लिहायला बसले. आकडे उतरत्या क्रमानं असत, म्हणून लेह शेवटच्या पानावर जाणार होतं. ते पान काढलं आणि त्यांचा हात थांबला. लेहच्या खाली बसणारं एक नाव तिथे कधीचं लिहिलेलं होतं. दक्षिण ध्रुव: वर्षाला वीतभर. जगातल्या सगळ्यात गारठलेल्या जागी सगळ्यात कमी बर्फ, कारण हवाच कोरडी. हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. दक्षिण ध्रुवावर कोण दोन किलोची रजई घेऊन जाईल?

ते तसेच वाचनालयात गेले आणि या वेळी लेहचं तापमान काढलं. जानेवारीत रात्री शून्याच्या खाली पंधरा. एखाद्या वर्षी पंचवीसही.

खुशालराव घरी येऊन खुर्चीवर बसले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे सांगितलं, तर चंद्रभान पोरीला पाठवणार नाही. न सांगितलं, तर पोरगी कुडकुडणार, आणि ते आपण सांगितलेल्या दोन किलोच्या रजईत. शेवटी त्यांनी रागिणीला फोन लावला आणि चाचरत सगळं सांगितलं.

"आबाजी, मले माहीत हाये," ती म्हणाली. "नेमणुकीच्या कागदावरच लिहिलं होतं. बाबानं बर्फाचं विचारलं, तुम्ही बर्फाचं खरं सांगितलं. थंडीचं कुणी विचारलंच नाई. मी तिथं जाऊन दुसरी रजई घेईन. तुमी आता काही बोलू नका, पाया पडते मी तुमच्या."

त्यांनी बरं म्हटलं. फोन ठेवला. मग पोरीला बरं म्हटलं याची टोचणी लागली आणि न म्हटलं असतं तरी तीच लागली असती, हेही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटी स्टँडवर होते. अकोल्यापर्यंत एक गाडी, तिथून बाळापूरची दुसरी. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मनात चार वेळा उतरून परतायचं ठरवलं.

त्या दिवशी रजई भरायची होती, त्यामुळे सगळे इनायतुल्लांच्या दुकानातच सापडले. रुई पिंजून तयार होती आणि फरशीवर पांढरा ढीग हवेनं हलत होता. बिल्कीसनं जांभळ्या फुलांची खोळ पसरली होती. खुशालरावांना दारात पाहून चंद्रभान उठला. रागिणीनं मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

पाणी घ्यायच्या आधीच खुशालरावांनी बोलून टाकलं. आपली चूक झाली. बर्फ कमी म्हणजे थंडी कमी, हे आपण पुस्तक न पाहता सांगितलं. लेहला बर्फ हातभरच पडतो, पण जानेवारीत शून्याच्या खाली पंधरा अंश होतं, वीसही, पंचवीसही. इतकं बोलून ते भिंतीला टेकले. रागिणीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

पण चंद्रभान मूर्ख नव्हता. त्यानं मुलीकडे वळून पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हो बाबा."

"मामाले?"

"त्याइले काल माहीत झालं. मीच म्हटलं, सांगू नका."

मशीन बंद होतं. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. चंद्रभाननं ढिगातली चिमूटभर रुई उचलून बोटांत चोळली. कौशल्येनं तोंडाला पदर लावला. खुशालरावांना वाटलं, आपण एका पोरीचं आयुष्य एका वाक्यात मोडलं.

"मामा," चंद्रभान म्हणाला, "मले एक सांगा. त्या हातभर बर्फाचं तुमी तीन पुस्तकात पाहिलं?"

"तीन."

"अन् थंडीचं एकाबी पुस्तकात न पाहता बोलले, म्हणून सव्वाशे किलोमीटर एसटीत हाडं खिळखिळी करत सांगायले आले?"

"हो," खुशालराव म्हणाले.

"मंग बर्फाचं त पक्कंच झालं न," चंद्रभान म्हणाला. "खरं सांगू का? त्या दिवशी वावरात मी हसलो, पण माह्या मनातून जात नव्हतं. वाटे, मामा पोरीच्या मायेनं आकडा कमी करून सांगून राहिले. रोज घरी जाऊन हात मोजे. आता मले भेव नाई. जो माणूस थंडीचं लपवत नाई, तो बर्फाचं काहून लपवन?"

गीतांजलीनं विचारलं, मग त्या थंडीचं काय? चंद्रभान तिच्याकडे असा बघायला लागला, जणू तिनं फारच सोपं काही विचारलं. दर पौषात हरभऱ्याला पाणी द्यायला पंपाची लाइट रात्रीचीच येते, तेव्हा चिखलात अनवाण्या पायांनी कोण उभं असतं? थंडीशी त्याची जन्माची ओळख होती. ती अंगावर येऊन पडत नाही, टिन फोडत नाही, बैलाला मारत नाही. तिला अडवायचं कसं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि ज्यानं अडवायचं, ते त्याच्याच रानात पिकत होतं.

मग तो मुलीकडे वळला. आपल्याशी लपवाछपवी केली, याचा राग होताच, आणि तो त्यानं काढला. लेहला गेल्यावर रोज फोन करायचा आणि पहिलं वाक्य थंडीचं सांगायचं, खरं खरं, मग बाकीचं. रागिणी हो हो म्हणत रडत होती आणि रडता रडता हसत होती. मग ती खुशालरावांपाशी आली, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन उभी राहिली.

"इनायतभाई," चंद्रभान म्हणाला, "दोन किलोचं रद्द. किती लागन?"

इनायतुल्लांनी दाढी कुरवाळली. असल्या थंडीची रजई त्यांनी आजवर भरली नव्हती. एकदा कुणा फौजीसाठी तीन किलो भरली होती, तो कुठे कारगिलकडे होता. तीन म्हणू, असं ते म्हणाले. कौशल्येनं तीन ऐकलं आणि ओंजळभर रुई उचलून खोळीत टाकली. गीतांजलीनं दोन ओंजळी टाकल्या. चंद्रभाननं सरळ कवेत मावेल तेवढी उचलली. बिल्कीस ओरडली, "अरे भाभी, सुई कशी जाईन माझी? गादी करून राहिले का रजई?" आणि स्वतःच एक मूठ टाकली, कोपऱ्यात पोकळ राहिलं म्हणून.

चार किलोच्या वर गेल्यावर इनायतुल्लांनी हात जोडले. आता हे विमानात कसं चढवणार, हा प्रश्न रागिणीनं काढला. तो कुणी कानावर घेतला नाही. पार्सल होईल, रेल्वेनं जाईल, नाहीतर मी डोक्यावर घेऊन दिल्लीपर्यंत येईन, असं चंद्रभान म्हणाला. सगळ्यांना ठाऊक होतं की तो खरंच येईल.

बिल्कीसनं लांब सुईनं वरवर चार टाके घातले, नुसती बसते की नाही ते बघायला. मग कौशल्येनं नातीला फरशीवर झोपवलं आणि ती अर्धी शिवलेली रजई तिच्या अंगावर टाकली. नोव्हेंबरची दुपार, वर टिनाचं छप्पर, पंखा बंद, कारण रुई उडते. रागिणीचं डोकं तेवढं बाहेर राहिलं होतं. कौशल्येनं तेही आत ढकललं.

"कसं वाटते व?" तिनं विचारलं.

"आजी, मरून राहिली मी," आतून आवाज आला. "घामानं भिजली सगळी. काढा हे."

खुशालराव एवढा वेळ भिंतीशी होते. ते पुढे आले, गुडघे धरत खाली बसले, रजईच्या कडेवरून हात फिरवला आणि पायाच्या बाजूला थांबले. तिथे बोटांना पातळ लागत होतं.

"इथं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "इथं अजून पावशेर टाकावी असं मला वाटतं. पण मी चुकतही असेन."

इनायतुल्लांनी पावशेर रुई मोजली नाही. मुठीनं उचलली आणि त्यांच्याच हातात दिली.